तकलीफ का चूक

आमच्या मोठ्या सिस्टरांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. पेशंटबरोबर आलेल्या बाईनं "साधारण सकाळपासून पोट दुखून राहिलं" म्हटलं, की त्या हातातला पेन टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "सकाळ म्हंजे? दूधवाला येऊन गेला व्हता का?" दूधवाला येऊन गेला होता असं कळलं, की पुढचा प्रश्न, "मंग शाळेतलं लेकरू घरात व्हतं का गेलं व्हतं?" बाई गोंधळायची, सासूकडे पाहायची, सासू सुनेकडे पाहायची. पण पाच मिनिटांत पोट सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास दुखायला लागलं, हे कागदावर आलेलं असायचं. 'सुमारास' हे मी आत्ता लिहिलं. त्यांनी लिहू दिलं नसतं.

नावानं त्यांना दवाखान्यात कुणीच हाक मारत नसे. नुसतं 'मोठ्या सिस्टर'. अंगानं त्या लहानखुऱ्या होत्या. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायला त्यांना लाकडी पायरी लागायची, आणि ती पायरी दुसऱ्या कुणी जरा सरकवली तरी त्यांना कळायचं. पांढरी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ. नाडी मोजताना सोयीचं पडतं म्हणून नर्सेस घड्याळ तसं बांधतात. पण मोठ्या सिस्टर ते जेवतानाही पाहायच्या. त्यांची ज्वारीची भाकरी आणि ठेचा एक वाजून पाच मिनिटांनी उघडायचा. एकदा मी एक वाजता म्हटलं, "सिस्टर, चला जेवून घेऊ." त्या म्हणाल्या, "तुमी बसा. मी येते पाच मिन्टात." आणि पाच मिनिटं समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसून राहिल्या.

मी हिंगोलीत वीस खाटांचा दवाखाना काढला तेव्हा त्या सरकारी नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या होत्या. कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्यांना भेटायला बोलावलं. मुलाखत मी घेणार होतो. पण खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनीच विचारलं, "डॉक्टर, तुमच्या हातून आत्तापर्यंत काय काय बिघडलं?"

मी तेव्हा तरुण होतो, कॉलेजातून पदक घेऊन आलो होतो. म्हणालो, "तसं विशेष काही नाही."

"मंग एक तर तुमी लई कमी ऑपरेशनं केलीत," त्या शांतपणे म्हणाल्या, "न्हाई तर केल्यावर लई कमी पाहिलं."

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर हजर होत्या. आजवर मला कळलेलं नाही, की मी त्यांना कामावर ठेवलं होतं की त्यांनी मला.

कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यातून, तिथल्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी म्हणजे त्या. लहानपणी वस्तीतली सगळी पत्रं त्याच वाचून दाखवायच्या. परगावी कामाला गेलेल्या मुलांची पत्रं. वडिलांनी ताकीद दिलेली होती, की वाचताना एक अक्षर पदरचं घालायचं नाही आणि एक अक्षर गिळायचं नाही. एकदा एका म्हातारीच्या मुलानं, मी आता गावाकडे येणार नाही, असं लिहिलं होतं. आठ वर्षांच्या या मुलीनं ते जसंच्या तसं वाचलं. म्हातारी रडली, हीही रडली. "पण वाचलं मी सगळं," हे सांगताना म्हातारपणीसुद्धा त्यांची मान ताठ व्हायची.

जगात दोन नमुन्यांची माणसं असतात, असं त्यांचं मत होतं. पहिले दगडवाले. ऑपरेशननंतर काहीही बिघडलं, साधा ताप आला तरी डॉक्टरनंच वाटोळं केलं म्हणून दगड उचलणारे. दुसरे खांदेवाले. म्हणजे आम्ही. काहीही बिघडलं, अगदी आमच्या हातानं बिघडलं, तरी खांदे उडवून 'कॉम्प्लिकेशन आहे' म्हणून मोकळे होणारे. कुणी डॉक्टरनं त्यांच्यासमोर हा शब्द वापरला, की त्या विचारायच्या, "कॉम्प्लिकेशन म्हंजे काय गोधडी हाय का? काहीबी झालं की वरून टाकायला?"

त्यांचे स्वतःचे शब्द दोनच. तकलीफ आणि चूक. सगळं बराबर करूनही जे होऊ शकतं ती तकलीफ. बराबर न केल्यामुळं जे होतं ती चूक. इथपर्यंत कुणालाही समजतं. पण त्यांचं खरं म्हणणं पुढं असायचं, आणि ते सांगताना त्या बोट वर करायच्या. "तकलीफ झाली, अन् ती वेळेवर कोणं पाहिलीच न्हाई, तर तिची चूक होते." म्हणून कोणत्याही प्रकरणात त्या तीन गोष्टी विचारायच्या. आधी सांगितलं होतं का? नंतर पाहिलं का? पाहिल्यावर हलले का?

रविवारी त्यांच्या घरी लोक फायली घेऊन यायचे. कुणाच्या आईचं ऑपरेशन बिघडलेलं, कुणाच्या भावाचं. लांबून लांबून यायचे, इतर डॉक्टरांविषयी तक्रार घेऊन. त्या ओसरीवर चष्मा लावून फाईल पहिल्या पानापासून वाचायच्या. आलेल्या माणसाला वाटायचं, आता ही बाई डॉक्टरचं नाव घेऊन दोन शिव्या देईल. पण दहातल्या नऊ जणांना त्या परत पाठवायच्या. "ही तकलीफ व्हती बाप्पा. त्यायनं पाहिलं, धावपळ केली, सगळं लिहिलेलं हाय. घरी जा, माणसाला खाऊपिऊ घाला." दहाव्याला मात्र त्या फाईल बंद करून हातात द्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "हे वकिलाला दाखवा." त्या दहाव्यामुळं शहरातले दोन डॉक्टर माझ्याशी बोलेनासे झाले. मी सिस्टरांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "नवांचं कुणी येऊन सांगितलं का तुमाला?"

ऑपरेशनच्या आधीचा संमतीचा कागद हा तर त्यांचा खास सोहळा. इतर ठिकाणी दोन मिनिटांत सही होते. आमच्याकडे पेशंटला धडा पाठ म्हणावा लागायचा. एका आजोबांना अंडवृद्धीचं ऑपरेशन करायचं होतं. सिस्टरांनी काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आता तुमी सांगा."

आजोबांनी बोटांवर मोजत सांगितलं, "रक्त साकळू शकते. पू होऊ शकते. पुन्हा भरू शकते. भुलीनं दम लागू शकते. अन् लाखात एखादा मरू बी शकते." मग त्यांनी मान वर केली. "पण बाई, इतकं सगळं होऊन राहिलं असंल, तर तुमी हे करता तरी काहून?"

आजोबा सही न करता घरी गेले. टेबल तयार, भूलतज्ज्ञ येऊन बसलेले, मी हात चोळत उभा. माझा चेहरा पाहून सिस्टर म्हणाल्या, "येतील. त्यायला इचार करू द्या." आठव्या दिवशी आजोबा खरंच आले, धोतर सावरत बसले आणि सही केली. ऑपरेशननंतर थोडं रक्त साकळलं, तर घाबरलेल्या मुलाला आजोबाच समजावत होते, "अरे, हे पहिलंच व्हतं यादीत. बाईनं सांगितलं व्हतं मला."

लग्नकार्यात त्यांना बोलवायला लोक जरा बिचकायचे. बोलावलं की त्या लग्नाची जी वेळ पत्रिकेत छापली असेल त्या वेळेला मांडवात हजर असायच्या, तेव्हा तिथं फक्त मंडपवाला आणि दोन कुत्री असायची. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या पेटवायला उशीर झाला, तेव्हा त्या बायकोच्या कानात म्हणाल्या, "तेवीस मिन्टं." बायकोनं तो आकडा पुढं वर्षभर मला ऐकवला.

एरवी मी त्यांची चेष्टाच करत असे. पण एका दिवशी त्यांच्या या वेडानं मला वाचवलं.

एका शेतकऱ्याच्या बायकोचं अपेंडिक्स फुटलं होतं. घरी दोन दिवस अंगारे-गोळ्या करून तिसऱ्या दिवशी तिला आणलं. मी ऑपरेशन केलं. पाचव्या दिवशी जखमेत पू झाला, टाके उघडावे लागले. अशा पोटात पू होणं काही नवलाचं नाही. पण तिच्या दिरानं मोबाइलवर काहीतरी पाहिलं, की ऑपरेशननंतर पू झाला म्हणजे हत्यारं घाण होती. दुपारी दोन जीपगाड्या भरून माणसं आली. अंगणातली तुळशीची कुंडी फुटली. मी केबिनमध्ये दार लावून पोलिसांचा नंबर लावत होतो.

मोठ्या सिस्टर फाईल घेऊन बाहेर गेल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला. "खुर्च्या सात हायेत. म्हाताऱ्या माणसायनं बसून घ्या. बाकीच्यायनं सावलीत उभं ऱ्हावा. लई मोठं हाय, टाइम लागंल."

मग त्यांनी फाईल वाचायला सुरुवात केली. बाई दवाखान्यात आल्या क्षणापासून. नाडी किती, ताप किती, कुणी पाहिलं, कधी पाहिलं. तिथून पुढं एक अक्षर न गाळता. मी दार किलकिलं करून पाहत होतो. पहिली दहा मिनिटं लोक ओरडत होते. विसाव्या मिनिटाला ओरडणाऱ्यांनाच बाकीचे गप्प करू लागले, कारण ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानंतर निम्म्यांचा राग गेला होता आणि निम्म्यांचे पाय दुखू लागले होते.

दीर काही हटेना. "ते सगळं ठीक हाय. पण पू काहून झाला?"

"एसटीचा टायर फुटला तर तुमी ड्रायव्हरला मारता का?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"टायर फुटला, त्याला कळलं, अन् तरी तो तशीच गाडी दामटत राहिला तर?"

"मंग मारू."

"बराबर हाय. आता ऐका. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिन्टाला मी पट्टी ओली पाहिली. सात पंचेचाळीसला डॉक्टर आले. आठ दहाला टाके उघडले, औषध बदललं. सांगा मला, कुठं दामटली गाडी?"

खुर्चीवरचा एक म्हातारा हसला. मग दुसराही हसला. सिस्टर हसल्या नाहीत. चष्मा काढून त्या दिराला हळू आवाजात म्हणाल्या, "घरी दोन दिवस ती कन्हत पडली, ते बी या कागदात हाय. ते मी मोठ्यानं वाचलं न्हाई." दिराची मान खाली गेली. जाताना त्यानंच कुंडीचे तुकडे गोळा केले.

मी बाहेर येऊन त्यांचे आभार मानू लागलो, तर त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाई वाचलं. तसं झालं व्हतं म्हणून वाचलं." तेव्हा मला हा त्यांचा विनय वाटला.

त्यानंतर दोन वर्षांनी कळमनुरीचे एक टेलर आले. चाळिशीचे, हसतमुख, दुकानात दिवसभर मशीनवर बसणारे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. जुना, मोठा हर्निया होता. आतडं हर्नियाच्या पिशवीला चिकटलेलं होतं. सिस्टरांनी मास्तर आणि त्यांच्या बायकोकडून धडा म्हणवून घेतला. त्यात एक वाक्य होतं, की चिकटलेलं आतडं सोडवताना त्याला इजा होऊ शकते, आणि ती कधीकधी दोन दिवसांनीही कळते. मास्तर म्हणाले होते, "कपडा उसवताना बी फाटतो कधीकधी." सिस्टर खूश झाल्या होत्या.

ऑपरेशन नीट झालं. मी आतडं जपून सोडवलं, दोनदा तपासलं. आजही तेच सांगेन.

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्यावर माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या ढाब्याचं उद्घाटन होतं. माझ्या हस्ते नारळ आणि एका पुढाऱ्यांच्या हस्ते फीत. अर्ध्या तासाचा रस्ता. सकाळी राउंड घेऊन मी गेलो. पुढारी आलेले नव्हते. गळ्यात हार घालून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

तिथं सिस्टरांचा फोन आला. "डॉक्टर, मास्तरचं पोट फुगून राहिलं. नाडी एकशे आठ हाय. या."

मी म्हणालो, "गॅस असेल. इंजेक्शन द्या, नळी टाका. मी येतोच."

पुढारी पाच मिनिटांत येत होते. ते चार तास पाच मिनिटांतच येत होते. सिस्टरांचा दुसरा फोन आला. नाडी एकशे सोळा. मी म्हणालो, एक्स-रे काढून ठेवा. उठावंसं वाटलं नाही असं नाही. पण यजमानानं दंडाला धरलं, "डॉक्टरसाहेब, आता तुमी गेले तर माझी इज्जत जाईल." आणि मला ते पटलं. पटवून घ्यायची माझी तयारी होतीच. पहिल्यांदाच कुणी मला मंचावर बसवलं होतं.

तिसऱ्या फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "पोट लाकडावाणी झालं." आणि ठेवून दिला.

तरी पुढारी येऊन फीत कापली जाईपर्यंत मी उठलो नाही, आणि सव्वाचारला पोचलो. शर्टावर गुलाल तसाच. मास्तरांच्या पोटाला हात लावला आणि कळलं. पाच वाजता पोट उघडलं. जिथं आतडं चिकटलं होतं तिथं त्याची भिंत विरून छोटं भोक पडलं होतं, आणि घाण सगळीकडे पसरली होती. तो भाग काढला, आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथं शौचाची पिशवी लावली. पायरीवर उभ्या राहून मोठ्या सिस्टर लागेल ते हत्यार हातात देत होत्या.

सात वाजता तोच गुलालाचा शर्ट पुन्हा अंगात घालून मी हात पुसत त्यांच्या टेबलापाशी गेलो. फाईल उघडी होती. त्यांच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलेलं होतं. ११.३७, डॉक्टरांना फोन. १२.५२, दुसरा फोन. २.२०, तिसरा फोन. ४.१५, डॉक्टर आले.

"सिस्टर," मी म्हणालो, "पहिल्या फोनला तुम्ही फक्त पोट फुगलंय म्हणालात ना?"

"न्हाई. नाडी बी सांगितली."

"नाही, म्हणजे... पहिले दोन फोन तसे साधेच होते. साधारण दोनच्या पुढंच खरं..."

तो शब्द माझ्या तोंडून निघाला तसा त्यांनी पेन खाली ठेवला. पण रागावल्या नाहीत. उलट माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच घरात काही वाईट घडलंय आणि त्या भेटायला आल्या आहेत.

"डॉक्टर, त्या रोजी अंगणात तीस माणसायपुढं मी असाच कागद वाचला व्हता. लोकायनं तो खरा मानला. आज याच्यातली एक ओळ बदलली, तर त्या रोजच्या सगळ्या ओळी खोट्या होतेत. मंग तुमी तवा बी सुटत न्हाई अन् आता बी सुटत न्हाई."

"माझा दवाखाना बुडेल, सिस्टर."

"बुडंल बी." त्यांनी फाईलमधलं एक कोरं पान माझ्यापुढं केलं. "माझं मी लिहिलं. तुमचं तुमी तुमच्या अक्षरात लिहा. काहून उशीर झाला ते."

मी पान घेतलं नाही. बाहेर बाकावर मास्तरांची बायको आणि थोरले भाऊ बसले होते. मी बाहेर आलो, मागून सिस्टर आल्या. मास्तरांच्या बायकोनं माझ्याकडे नाही, सिस्टरांकडे पाहिलं. संमतीच्या वेळचा धडा तिला तोंडपाठ होता. तिनं विचारलं, "सिस्टर, ही तकलीफ का चूक?"

"ते डॉक्टर सांगतील," सिस्टर म्हणाल्या. "मला नुसता टाइम माहीत हाय."

एवढंच. बाकी काहीही त्या बोलल्या असत्या, तर मला त्यामागं लपता आलं असतं.

मी सांगितलं. आतड्याला भोक पडलं ती तकलीफ होती. ती कुणाच्याही हातून होऊ शकते आणि मी काळजी घेतली होती. पण साडेअकराला मला कळलं होतं आणि मी सव्वाचारला आलो. का, तर एका ढाब्याची फीत कापायची राहिली होती. ती चूक. माझी.

भावानं माझी कॉलर धरली. गुलाल त्याच्या हाताला लागला. मला वाटतं, त्यानं मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"कॉलर सोडा," सिस्टर म्हणाल्या. "आज त्यायला पेशंट पाहू द्या. मास्तरला आज डॉक्टर लागतो. भांडण उद्या दहा वाजता करा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांची लघवी कमी झाली, त्यांना नांदेडला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. मी रात्रभर झोपलो नव्हतो. सकाळी आठला पुन्हा दवाखान्यात आलो तर मोठ्या सिस्टर नेहमीप्रमाणे औषधांचं कपाट लावत होत्या.

"मला वाटलं, तुम्ही आज येणार नाही," मी म्हणालो.

"काहून? चूक तुमी केली, रजा मी काहून घेऊ?"

मग त्यांनी सांगितलं, की मास्तरांच्या भावाला त्यांनी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या आहेत. मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावंच लागतं. भावानं मागायच्या आधीच सिस्टरांनी दिल्या. त्या कागदांत एक पान माझ्या अक्षरातलं होतं. ते मी पहाटे येऊन लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, कारण त्यातल्या 'अंदाजे' या शब्दाखाली लाल रेघ होती.

मास्तर अठरा दिवसांनी घरी गेले. पिशवी तीन महिने राहिली. मग दुसरं ऑपरेशन होऊन ती निघाली. त्या तीन महिन्यांत दुकान बंद होतं. लग्नसराई गेली. मी दर आठवड्याला कळमनुरीला जाऊन त्यांना पाहायचो. पहिल्यांदा त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली. तिनं मला कधी चहा विचारला नाही, आणि मी कधी बसलोही नाही. मास्तर मात्र बोलायचे.

त्यांनी ग्राहक आयोगात दावा लावला. लावायलाच हवा होता. साक्षीला मोठ्या सिस्टरांना बोलावलं. आदल्या दिवशी माझ्या वकिलांनी त्यांना समजावून पाहिलं, की विचारतील तेवढंच बोला. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी विचारतील तेवढंच बोलते. पण ते बराबर विचारत न्हाईत."

आणि झालं तसंच. मास्तरांच्या वकिलानं त्यांना विचारलं, की डॉक्टरांनी निष्काळजीपणानं आतडं फाडलं, हे खरं आहे का?

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "मी शेजारी उभी व्हते. जपून सोडवलं. दोनदा पाहिलं. तरी बी होते तसं. ती तकलीफ."

वकिलाचा चेहरा पडला. माझा वकील लगबगीनं उठला. मग बाईंचं असं म्हणणं आहे का, की माझ्या अशिलाची यात काहीच चूक नाही?

"मी असं कवा म्हणले? अकरा सदतीसला बोलावलं, चार पंधराला आले. ती चूक." मग त्या लिहून घेणाऱ्या माणसाकडे वळल्या. "दोन्ही लिहा बाबा. एकच लिहू नका. एक लिहिलं तर ते खोटं होतंय."

पुढं निकालही त्यांच्याच शब्दांच्या जवळपास लागला. इजा हा दोष नाही. उशीर हा दोष आहे. माझ्या विम्यातून मास्तरांना भरपाई मिळाली. दवाखाना बुडाला नाही. वर्षभर रिकामा राहिला, एवढंच. ते वर्ष मोठ्या सिस्टरांनी माझ्याबरोबर काढलं, आणि भाकरी एक वाजून पाच मिनिटांनीच उघडली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट साक्षीच्या दिवसाची. कामकाज संपलं तेव्हा टळटळीत दुपार होती. बाहेर लिंबाखाली चहाची एकच गाडी. त्यामुळं आम्ही सगळे तिथंच गोळा झालो. मास्तर, त्यांची बायको, त्यांचे वकील, मी आणि आमच्या दोघांच्याही विरुद्ध साक्ष देऊन आलेल्या मोठ्या सिस्टर. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. चहावाला ग्लास देत होता.

मास्तर बराच वेळ पोटावर हात ठेवून उभे होते. मग सरळ माझ्याकडे आले.

"डॉक्टर, एक विचारू का? इथं, पिशवी व्हती तिथं, खोकलं की दुखून राहिलं. फुगतं बी थोडं. जरा पाहता का?"

त्यांचे वकील ताडकन म्हणाले, "अहो मास्तर, काय करता? तुमचा दावा चालू आहे यांच्यावर!"

"दावा व्हय," मास्तर म्हणाले. "पण पोट यायनंच पाहिलेलं हाय ना आतून."

त्यांनी बाकावर बसून शर्ट वर केला. आजूबाजूला पक्षकार, शिपाई, वकील उभे. मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती क्षणभर थांबली. मग तिनं डोक्यावरचा पदर सोडून दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याच्या समोर आडोसा केला. दुसऱ्या बाजूला मोठ्या सिस्टर वर्तमानपत्र उघडून उभ्या राहिल्या. त्यांची उंची पुरेना, म्हणून त्या टाचा उंचावून उभ्या होत्या.

मी वाकलो. त्या माणसाच्या पोटाला हात लावायची परवानगी पुन्हा कधी मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. मी हात पुढं केला.

"थांबा," वर्तमानपत्राच्या पलीकडून आवाज आला. "आधी हात धुवा."

मी चहाच्या गाडीवर गेलो. चहावाल्यानं पिंपातलं पाणी तांब्यानं माझ्या हातावर ओतलं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, आणि तोवर मास्तर शर्ट वर धरून माझी वाट पाहत बसून होते.